भरवशाचा सांगाडा

वस्तू टिकाऊ असणे हा आपल्या लोकांनी फार मोठा गुण मानलेला आहे. पिढ्यानपिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांत तर तो अंमळ अधिकच मानला जातो. इकडे येऊन संसार मांडताना वाडवडिलांनी जे पितळेचे हंडे, जे सागवानी झोपाळे आणि ज्या लोखंडी ट्रंका बरोबर आणल्या, त्यांतल्या पुष्कळशा धारवाडातल्या आमच्या मळमड्डीच्या घरांतून अजून नांदत आहेत. त्यामुळे कोणतीही नवी वस्तू उंबऱ्याच्या आत आली की तिची किंमत विचारण्याआधी ‘टिकेल का?’ असा प्रश्न निघतो. यंदा आमच्या घरात हा प्रश्न एका सायकलीवरून निघाला. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हांला बेळगावापासून कॅलिफोर्नियापर्यंत मानसिक पायपीट करावी लागली, आणि शेवटी उत्तर मिळाले ते आमच्याच माजघरात. ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा हुबळीस नोकरीला आहे. सहा दिवस तो खुर्चीत बसतो आणि रविवारी पहाटे सायकल घेऊन धारवाडच्या आसपासच्या कलघटगी, हळियाळच्या रानवाटा गाठतो. ही सायकल आपल्या ओळखीची नव्हे. तिचे टायर जाड व खाचांचे, हँडल रुंद, पुढे-मागे धक्के शोषणारी योजना. इंग्रजीत तिला ‘माउंटन बाइक’ म्हणतात. आपण तिला डोंगरी सायकल म्हणू. या सायकलीवर बसून दगडधोंड्यांच्या उतारावरून मुद्दाम वेगाने उतरायचे, उंचवट्यावरून हवेत उडी घ्यायची, ओघळ ओलांडायचे, असा हा खेळ आहे. आमच्या पिढीने रस्त्यातला खड्डा चुकवण्यात आयुष्य घालवले. ही मंडळी खड्ड्याच्या शोधात घराबाहेर पडतात.

तर या पुतण्याने नवी सायकल घेतली आणि जुनी आमच्या मुलीस देऊ केली. मुलगी महाविद्यालयात शिकते, गाण्याच्या शिकवणीस जाते, आणि दादाबरोबर रानवाटा तुडवण्याची तिला मनापासून हौस आहे. जुनी म्हणजे चार वर्षे वापरलेली. पण तिचा सांगाडा, ज्याला सारे ‘फ्रेम’ म्हणतात, तो कार्बनचा. आमच्या सौभाग्यवतींनी ती एका हाताने उचलून पाहिली आणि म्हणाल्या, “अहो, हिच्यात काही आहे की नाही? उलट्या पालखीसारखी रिकामी लागते!” मुलगी त्या रिकाम्या सांगाड्यावर बसून दगडांच्या उतारावरून जाणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असावे. आमच्याही राहिले.

नव्या पदार्थाविषयी आपल्या मुलखात संशय घेतला जाणे काही आजचे नाही. सायकलीचा व आमच्या या भागाचा संबंध फार जुना. १८८८ साली, म्हणजे ज्या वर्षी डनलॉपने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले त्याच वर्षी, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. ते तिकडून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. विकण्याबरोबर चालवायला शिकवण्याचीही फी घेतली जाई. बेळगावचा किर्लोस्कर रोड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एका मोठ्या उद्योगाचा आरंभ सायकलीच्या दुकानातून झाला हे सांगायला नको. त्याच लक्ष्मणरावांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल या समजुतीने शेतकरी त्याला शिवेनात. दोन वर्षे नांगर पडून राहिले. पुढे त्याच नांगरांनी दख्खनची जमीन उलथली हा इतिहास आहे. तेव्हा वस्तू नवी आहे एवढ्यावरून तिला नाकारणे म्हणजे त्या शेतकऱ्यांच्या पंगतीस बसणे होय, हे आम्ही मनाशी पक्के केले आणि चौकशीस लागलो.

चौकशीसाठी तुलना हवी. ती आमच्या पडवीत उभीच होती. आमच्या कैलासवासी वडिलांची काळी सायकल आम्ही मोडीत घातलेली नाही. वीस किलोच्या आसपास वजन, पोलादी नळ्या, पाठीमागे भक्कम कॅरियर. त्या कॅरियरवरून तांदळाचे पोते, दांडीवरून आम्ही आणि सीटवरून वडील, असा प्रवास स्टेशन रोडने कित्येकदा झाला. शाळकरी वयात आम्ही तिच्या दांडीखालून पाय घालून ‘कैची’ शिकलो. तिच्या बाबतीत एक प्रसंग मात्र मुद्दाम सांगण्याजोगा आहे. एका पावसाळ्यानंतर तिरक्या नळीच्या वरच्या टोकाशी, हँडलच्या मानेखाली, रंगाला केसाएवढी रेघ पडलेली वडिलांना दिसली. रेघेच्या कडेने गंजाचा तांबूस ओघळ होता. पंधरा दिवस आधीपासून चढावर ती सायकल कुरकुरत होती. वडिलांनी ती कारखान्यात नेली. मिस्त्रीने नळी तापवून सांध्यावर पितळेचा जोड भरला, वर काळा रंग फासला, आणि सायकल पुन्हा चालू लागली. तो जोड आजही बोटाला लागतो.

पोलादाचा स्वभाव या प्रसंगात सगळा आला. पोलाद आधी वाकते, कुरकुरते, गंजाच्या अक्षरांनी आपले दुखणे लिहून दाखवते, आणि बहुधा नंतरच मोडते. शिवाय एक मर्यादा अशी असते की तिच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी पोलाद थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही; लहानसहान ताणही त्याच्या खाती जमा होत राहतात, म्हणून त्याच्या नळ्या मुद्दाम जाड व रुंद घडवाव्या लागतात. धातूंच्या या थकव्याचा अभ्यास यंत्रशास्त्रात शंभर-दीडशे वर्षे चालू आहे. आम्हांस त्यातले जे समजले ते इतकेच.

पण पोलाद म्हणजे अमरपट्टा, असेही कोणी समजू नये. डोंगरी सायकलीचा जन्मच पोलाद मोडण्यातून झाला म्हटले तरी चालेल. १९७० च्या दशकात अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन परगण्यातले काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली टमालपायस डोंगरावर नेऊन उतारावरून सोडीत. १९७६ साली तेथे शर्यती सुरू झाल्या. ज्या रस्त्यावर त्या होत त्याचे नाव पडले ‘रीपॅक’. कारण एका उतरंडीत मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक वेळी ते नव्याने भरावे लागे. त्या अवजड सायकलींचे सांगाडे वाकत, चिरत. तेव्हा त्यांच्यातलाच जो ब्रीझ नावाचा तरुण १९७७ साली या कामासाठी खास सांगाडा घडवू लागला. गॅरी फिशर, टॉम रिची हेही त्याच मंडळींतले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. आता तर तो आमच्या दाराशी आला आहे. २०२२ साली गदग येथे त्याच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. तात्पर्य, कोणताही सांगाडा अमुक एका वापरासाठी बनलेला असतो, आणि त्या वापराच्या पलीकडे नेला की पोलादही हात टेकते.

आता कार्बनकडे वळू. कार्बन म्हणजे कोळशाचाच सगा. ॲक्रिलिक जातीचा धागा प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांहून अधिक तापवला की त्यातले इतर घटक उडून जातात व जवळजवळ शुद्ध कार्बनचा तंतू उरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून कमी, म्हणजे आपल्या केसाच्याही काही पटींनी बारीक. असे हजारो तंतू शेजारी शेजारी मांडून त्यांना इपॉक्सी नावाच्या कृत्रिम राळेत भिजवायचे, त्या पट्ट्यांचे शेकडो तुकडे हाताने कापून साच्यात थरावर थर चढवायचे, आणि उष्णता व दाब देऊन सारे एकजीव करायचे, म्हणजे सांगाडा तयार होतो. हे काम आजही मुख्यतः माणसांचे हातच करतात, आणि ते हात बहुधा तैवानचे वा चीनचे असतात. थर कोणत्या दिशेने बसवावे, कोठे दोन आणि कोठे दहा, यात सगळी विद्या आहे. चिरोटा करणाऱ्या सुगरणीला हे निराळे समजावून सांगायला नको: पदर नीट बसले तर खुसखुशीत, मध्ये हवा राहिली तर फसला.

हा पदार्थ पोरखेळाचा नव्हे. पोलादाच्या एका घनफळाचे वजन सुमारे आठ धरले तर याचे दीडपावणेदोन भरते. बंगळूरला घडलेल्या आणि ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या ‘तेजस’ विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के भाग अशाच मिश्र पदार्थांचा आहे. डॉ. अब्दुल कलाम यांनी हैदराबादच्या इस्पितळातल्या पोलिओग्रस्त मुलांच्या पायांतले तीन किलोंचे धातूचे कॅलिपर काढून, क्षेपणास्त्रासाठी विकसित केलेल्या हलक्या मिश्र पदार्थाचे तीनशे ग्रॅमचे कॅलिपर दिले, ही गोष्ट आम्ही शाळेत अनेकदा सांगितली आहे. सायकलीत १९८६ साली ग्रेग लेमाँडने फ्रान्सची सुप्रसिद्ध शर्यत कार्बनच्या सांगाड्यावर जिंकली. १९८८ साली अमेरिकेतल्या केस्ट्रेल कंपनीने डोंगरी सायकलीचाही सांगाडा कार्बनचा केला. सुरुवातीच्या कित्येक सांगाड्यांत कार्बनच्या नळ्या धातूच्या सांध्यांना चिकटवलेल्या असत आणि ते जोड सुटत. कार्बनची अपकीर्ती पुष्कळशी तेव्हापासूनची आहे.

आजची स्थिती निराळी आहे. २०२१ साली इटलीतील व्हाल दि सोले येथे, दगड आणि झाडांच्या मुळ्यांनी भरलेल्या भयंकर उतारावर, दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिनार वयाच्या ३९ व्या वर्षी जगज्जेता झाला, तो कार्बनच्याच सांगाड्यावर बसून. सांगाड्यांच्या कसोटीसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ४२१०. त्यात पायडलवर माणसाच्या वजनाहून अधिक जोर आलटून पालटून लाख वेळा दिला जातो, वजन वरून आदळले जाते. शिवाय अमेरिकी मानकात वापराचे वर्ग ठरलेले आहेत: साधा रस्ता, खडीचा रस्ता, सुमारे ६० सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या, त्याच्या दुप्पट उंचीच्या उड्या, आणि त्याहून अवघड. बहुतेक उत्पादक आपला सांगाडा कोणत्या वर्गाचा ते पुस्तिकेत छापतात. दुकानदार रंग दाखवतो. पुस्तिकेतला हा आकडा आपण मागून घ्यावा. शर्यतीसाठी किलो-सव्वा किलोचा केलेला नाजूक सांगाडा आणि रानउतारासाठी केलेला अडीच-तीन किलोंचा सांगाडा ही एकाच नावाची दोन निराळी भांडी आहेत.

मग कार्बन कोठे कमी पडतो? रोजच्या ताणाने तो फारसा थकत नाही. त्या बाबतीत तो ॲल्युमिनियमहून सरस आहे. गंज त्याला ठाऊक नाही. त्याचे वैर आहे ते दोन गोष्टींशी: अणकुचीदार आघात आणि आवळणे. तंतूंच्या लांबीच्या दिशेने तो अचाट ताण सोसतो, पण आडवा घाव बसला की थरांमधली राळ सुटते. पोलादाला पोचा येतो, ॲल्युमिनियमला खळगा पडतो, आणि तो दिसतो. कार्बन मात्र घाव बसून पुन्हा पूर्ववत दिसू शकतो. रंगावर नखाएवढा ओरखडा आणि आत चार बोटे पदर सुटलेले, असे होऊ शकते. पुढे कधीतरी, एखाद्या उडीच्या टोकाला, तो सुटलेला भाग दगा देतो. सीटची वा हँडलची पकड वाजवीपेक्षा जास्त आवळली तरी हेच. तेथे बहुधा ५ न्यूटन-मीटर किंवा तत्सम आकडा छापलेला असतो आणि तो मोजणारा टॉर्क रेंच वापरावा लागतो. आमच्या मिस्त्रीची ‘अजून एक पिळा मारतो, साहेब’ ही प्रेमळ सवय येथे घातक आहे.

हे सर्व वाचून झाल्यावर आम्ही पुतण्यास विचारले, “ही सायकल कधी पडली आहे का?”

“नाही हो काका,” तो चटकन म्हणाला. “थोडंफार खरचटलंय. ते कुणाचं नसतं?”

उत्तर चटकन आले. तीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसास उत्तराचा वेग पुष्कळ काही सांगतो. पण आम्ही तेव्हा काही बोललो नाही.

कार्बनचा सांगाडा तपासण्याची एक घरगुती रीत आहे. नाण्याने हलके हलके टकटक करीत सगळ्या नळ्यांवरून जायचे. थर एकजीव असतील तर आवाज टणक व स्वच्छ येतो; आत पदर सुटले असतील तेथे तो बसका येतो. नळीची जाडी जागोजाग बदलते, म्हणून आवाजही थोडा बदलतोच. शेजारच्या जागेशी व दुसऱ्या बाजूच्या तशाच जागेशी ताडून पाहावे लागते. ही रीत अखेरचा निवाडा देणारी नव्हे, शंका दाखवणारी आहे. आम्हांस ती वाचताना मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा आठवला. वाळलेल्या भोपळ्याचे ते कवच किती हलके. तरीही गवसणीत जपले तर दोन-दोन पिढ्यांच्या गाण्याला साथ देते, आणि उंबऱ्याला एकदा आदळले तर संपते. मळमड्डीत तंबोरा असलेली घरे पुष्कळ आहेत, आणि भोपळ्याला गेलेला तडा जव्हारीआधी कानाला कळतो हे त्या घरांतल्या मुलांनाही ठाऊक असते.

रविवारी दुपारी माजघरात सायकल उलटी ठेवली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, सौभाग्यवती झोपाळ्यावर, पुतण्या भिंतीस टेकून. मुलीने रुपयाचे नाणे घेतले आणि सुरुवात केली. दांडी झाली, सीटची नळी झाली, मागचे दोन्ही बाहू झाले. मग ती तिरक्या नळीवर आली. पायडलच्या धुरीपासून वीतभर अंतरावर ती थांबली. एक बोट मागे गेली, एक बोट पुढे गेली, पुन्हा तेथेच आली.

“बाबा, इथे आवाज बसलाय.”

आम्ही ऐकले. आम्हांला शंका होती. तिला शंका नव्हती. षड्ज लागला की नाही हे ज्या कानाला कळते त्याला हेही कळणारच. जागेवर रंगाखाली बारीकसा ओरखडा होता, त्यावर एक चकचकीत स्टिकर व्यवस्थित चिकटवलेले.

पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मग खाली पाहूनच म्हणाला, “गेल्या पावसाळ्यात हळियाळच्या बाजूला उतरताना पुढचं चाक घसरलं. मी झुडपात गेलो, सायकल दगडावर. मला काही लागलं नाही. पण घरी सांगितलं असतं तर आईनं सायकलच बंद केली असती की हो!”

त्या भागातला दगड म्हणजे काय हे भूगोलाचे पुस्तक उघडणाऱ्यास सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने ज्या खडकांना आमच्या गावाचेच नाव दिले, ते धारवाडी खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने. त्यांच्यापुढे तीन मिलिमीटरच्या कवचाने काय करावे?

वहिनींच्या चेहऱ्यावर जे उमटले ते रागाचे होते की भीतीचे, हे आम्ही ठरवू शकलो नाही, बहुधा दोन्ही. त्या काही बोलण्याच्या आत आम्ही म्हणालो, “वहिनी, आजचा दिवस याला काही बोलू नका. हा आज बोलला, म्हणून आपल्याला कळले. आज बोलणी खाल्ली तर पुढच्या वेळी बोलणार नाही, आणि त्या सायकलीवर कोण बसलेले असेल ते सांगता येत नाही.”

हे आम्ही सांगितले ते काका म्हणून कमी आणि मुख्याध्यापक म्हणून अधिक. प्रयोगशाळेतली परीक्षानळी फुटली की ती कपाटाच्या मागे सरकवणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. जेथे फोडणाऱ्यास आधी छडी मिळते तेथे काचा कपाटामागे साठत जातात, आणि एक दिवस दुसऱ्याच मुलाच्या पायात जातात. जेथे ‘फुटली? बरं, झाडू आण,’ असे म्हटले जाते तेथे जमीन स्वच्छ राहते. आमच्या सरकारी शाळेत काचसामान थोडे. म्हणून हा धडा आम्हांस फार लवकर शिकावा लागला.

वहिनी गप्प राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी सर्वांना चहा आणून दिला, आणि मुलाच्या पुढे कप ठेवताना एवढेच म्हणाल्या, “खांदा दुखत होता तो तेव्हाच ना?” त्याने मान हलवली. त्या पावसाळ्यात उशी बदलून हवी म्हणून त्याने हट्ट धरला होता, हे आम्हां सर्वांना एकदम आठवले.

सायकल कार्बनचे काम जाणणाऱ्या एका कारागिराकडे पाठवली. त्याने रंग खरवडून पाहिले तेव्हा चार बोटांच्या जागेतले थर सुटलेले निघाले. आणखी किती दिवस टिकली असती, हे त्यालाही सांगता आले नाही. कदाचित दोन वर्षे, कदाचित पुढची उडी. कार्बन दुरुस्त होत नाही हा समजही त्याने दूर केला. खराब भाग घासून कडा उतरत्या करायच्या, त्यावर मूळच्या दिशेने नवे थर राळेसह बसवायचे, दाब आणि उष्णता देऊन घट्ट करायचे. काम जाणत्या हाताचे असेल तर सांगाडा पुन्हा वापरात येतो. वजनात काही ग्रॅमांची भर पडते इतकेच. वडिलांच्या सायकलीच्या पितळी जोडासारखाच हा जोड, फक्त मिस्त्री निराळा.

सायकल परत आल्यावर ती घ्यायची की नाही हे आम्ही मुलीवर सोडले. तिने एक अट घातली: या सायकलीची एक वही राहील, आणि सायकल पडली, आदळली, दगड लागला की त्याच दिवशी तारीख घालून त्यात लिहायचे; लिहिणाऱ्याला कोणी रागवायचे नाही. पुतण्याने वही आणली आणि पहिली नोंद स्वतःच्या हाताने केली, गेल्या पावसाळ्याच्या तारखेसह. त्या तिरक्या नळीखाली आता रबरी कवच बसवले आहे, दर महिन्यास नाणे फिरते, आणि उड्यांसाठी पुस्तिकेतला वर्ग पाळला जातो. वहीत दुसरी नोंद आमच्या मुलीची आहे: केळगेरीच्या वाटेवर घसरली, गुडघा खरचटला, फ्रेम तपासली, आवाज स्वच्छ.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले बंगळूर, पुणे, हैदराबाद येथे, काहींची परदेशी आहेत, आणि त्यांच्यापैकी कितीतरी असल्या सायकली घेत असतील. त्यांच्या आईवडिलांस आमचे सांगणे असे. रानउतारासाठी बनवलेला, चांगल्या प्रतीचा कार्बनचा सांगाडा खुशाल घेऊ द्यावा; तो दणकट असतो. मात्र ज्यास तपासणीचा कंटाळा आहे, किंवा ज्याच्या खिशास दुरुस्तीचा खर्च झेपणार नाही, त्याने पोलाद वा ॲल्युमिनियम घ्यावे. त्यात कमीपणा नाही. वापरलेला कार्बन घेताना विकणाऱ्याची नुसती ओळख पुरत नाही, सांगाडा जाणत्याकडून तपासून घ्यावा. उत्पादकाची हमी बहुधा पहिल्या खरेदीदारापुरती असते आणि पडझडीला लागू नसते. आणि विकताना वा देताना, झालेले पडणे आपण होऊन सांगावे. लपवलेला ओरखडा स्वस्त पडत नाही. त्याची किंमत दुसऱ्याच्या हाडांनी चुकती होते.

लोखंड आपले दुखणे स्वतः सांगत असे, म्हणून आमच्या पिढीला ते सांगण्याची सवय लागली नाही. कार्बन बोलत नाही. त्याच्या वतीने त्यावर बसणाऱ्याला बोलावे लागते. ते त्याने बोलावे असे वाटत असेल, तर मुलगा रविवारी दुपारी चिखलाने माखून घरी आला की पहिल्यांदा त्याला पाणी द्यावे, आणि मग विचारावे, “आज कुठे पडलास?”